आजोबांची हंबर : रंगाला टाकण्याआधी

साताऱ्याच्या घरी पडवीत वीस वर्षं उभी असलेली आजोबांची हंबर, म्हणजे जुनी इंग्लिश सायकल, तुम्ही बाहेर काढलीत हे तुमच्या पत्रात वाचून बरं वाटलं. पण पुढे लिहिलंय, 'रविवारी पावडर कोटिंगला टाकतोय, काळ्याऐवजी मॅट हिरवी बरी दिसेल का?' तिथे पोटात गोळा आला. नका टाकू. निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

माझी पहिली सायकल मी अशीच घालवली. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली रॅले होती. रंगवाल्याने मन लावून घासली, एकदम फ्रिजसारखी चकचकीत करून दिली. हाताने ओढलेली सोनेरी रेघ गेली, पुढचा पितळी बॅज काढताना वाकला, सीटखालचा नंबर रंगात बुजला. आता तिच्याकडे बघून कोणी थांबत नाही.

आधी ती हंबर आहे ना, ते बघा. सायकल चाळीस वर्षं चालली की तिला चार गावचे पार्ट लागलेले असतात. हंबरचा पुढचं चाक धरणारा चिमटा लांबूनही ओळखू येतो, कारण दोन्ही बाजूंना एकेक जाड नळी नसून दोन-दोन बारीक नळ्या असतात. चेनव्हीलमध्ये, म्हणजे पायडलजवळच्या दातेरी चाकात, माणसांच्या आकृत्या कापलेल्या असतात. बगळ्याची डोकी दिसली तर चेनव्हील रॅलेचं, हाताचा पंजा दिसला तर रजचं आणि बीएसए ही अक्षरं दिसली तर बीएसएचं; या सगळ्या तेव्हाच्या इंग्लिश कंपन्या.

हा नुसता हौसेचा भाग नाही. रॅलेने १९३२ मध्ये हंबर घेतली, १९४३ मध्ये रज. त्यामुळे पन्नाशीच्या दशकातली हंबर ही आतून नॉटिंगहॅमच्या कारखान्यातली रॅलेच असते, आणि रॅलेच्या बीबीचे (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलचा एक्सल जिथे फिरतो ती फ्रेममधली जागा) आटे वेगळे. बाकीच्यांचे इंचाला २४, रॅलेचे २६. कोपऱ्यावरचा मेकॅनिक तिथे छर्रे धरणारा नवा कप लावायला जाईल, तो दोन फेरे जाऊन अडकेल, मग तो लांब पान्याने जोर लावेल. फ्रेमचे आटे गेले की संपलं. जुने कप जपून ठेवा. बहुतेक वेळा झिजलेले असतात ते छर्रे आणि एक्सल. छर्रे पाव इंची, एका बाजूला ११. मूठभर पैशात मिळतात, सगळे एकदम बदला.

पण तिथवर पोचायला कॉटर पिना, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) एक्सलला पक्का धरणाऱ्या खिळी, काढाव्या लागतात, आणि नवशिका हमखास इथेच हरतो. तीन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ गंजावरचं तेल सोडत राहा. नट पूर्ण काढू नका, पिनेच्या टोकाशी बरोबरीत येईल इतकाच सैल करा, म्हणजे घाव आट्यांवर बसणार नाही. क्रँकखाली जाड लोखंडी पाइप उभा धरा, त्याचं दुसरं टोक फरशीवर टेकलेलं हवं. हा टेकू नसेल तर सगळा दणका छर्ऱ्यांवर जातो. मग जड हातोड्याचा एकच नेमका घाव. टुकटुक केलीत की पिनेचं डोकं पसरतं आणि ड्रिल आणायची पाळी येते. परत बसवताना दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घाला, नाहीतर पायडल एका रेषेत येणार नाहीत आणि सायकल लंगडल्यासारखी चालेल.

आता रंग. वरच्या दांडीच्या खालच्या बाजूला वीतभर जागा निवडा. साबणाचं कोमट पाणी, मऊ फडकं, हलका हात. फडकं आधी काळं होईल, मग तपकिरी. तिसऱ्या फडक्याला बहुधा खालून खरा काळा रंग वर येतो, आणि नशीब असेल तर केसाएवढी सोनेरी रेघ. ती दिसली की घासणं बंद, वरून गाडीचं वॅक्स पॉलिश. रेघेवर किंवा अक्षरांवर रॉकेल लावू नका, पुसून निघतात. हँडलच्या क्रोमवरच्या गंजाला अॅल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून चोळा, काचकागद नको. टवके उडालेत तिथे पातळ ब्रशने काळा ठिपका द्या, बस.

टायरची काळजी सोडा. २८ × १½ हे माप आपल्या काळ्या सायकलींना आजही लागतं, कुठेही मिळेल. चामड्याची सीट असेल तर लगेच बसून बघू नका, सुकलेलं चामडं तडकतं. खालून-वरून चामड्याचं मेण थोडं थोडं लावत आठवडाभर थांबा. तेलात भिजवली तर पापडासारखी लोंबेल.

'किती येतील?' असंही विचारलंय. विकायची असेल तर आहे तशीच विका, घेणारा अस्सल रंगाचेच पैसे देतो. ठेवायची असेल तर पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे, एकदा जाऊन या. जुनी सायकल जुनी दिसत असताना किती देखणी असते ते तिथे कळतं.

आणि हो, हँडलखाली तारेने बांधलेला पितळी गोल तुकडा म्हणजे सायकल-कराचा बिल्ला असणार. त्याला ब्रासो लावू नका. त्याच्यावरचं साल आधीच पुसट झालेलं असतं.