प्लॅटिनमच्या अंगठीचा सांधा डाखाने झाळावा, वितळवून जोडावा की लेझरने?

सोन्यात चार वर्षं हात बसलाय, आता पीटी ९५० ची, म्हणजे हजारात ९५० भाग प्लॅटिनमची, बिनखड्याची अंगठी दोन मापं वाढवायची आहे, तर १३०० अंशांना वितळणारा डाख (सांधा भरायचा धातू) घेऊ की १५०० चा, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते दोन्ही नकोत. अंगठीच्या कड्यात प्लॅटिनमचाच सांधा पाहिजे. कमी तापमानाच्या डाखांत प्लॅटिनम थोडंच असतं, काहींत तर अजिबात नसतं. पॅलेडियम, सोनं, चांदी यांवर ते भागवतात. असा डाख मऊ असतो, आधी झिजतो, आणि वर्षा-दोन वर्षांत कड्यावर सांध्याची रेघ दिसायला लागते. गिऱ्हाईक ९५० चे पैसे मोजतं, रेघेचे नाही.

पण तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी लिहिलंय, "लेझर मारा, विषय संपला." ते वाचून राहवलं नाही, म्हणून हे लिहितोय.

पुण्यात रविवार पेठेत आम्हा चुलतभावांचा एकत्र कारखाना होता. दादाने कर्ज काढून लेझर मशीन आणलं आणि त्या दिवसापासून प्रत्येक सांधा त्याच मशीनवर. एका जोडप्याच्या अंगठ्या आल्या. नवऱ्याची जाड, कडं दोन मिलिमीटरचं, माप वाढवायचं होतं. तुकडा मी कानसून बसवला, दादाने बाहेरून आणि आतून लेझर फिरवला. पंधरा मिनिटांत काम झालं. पॉलिशनंतर सांधा मलाही सापडेना. सात महिन्यांनी तो माणूस अंगठी घेऊन परत आला. तो भोसरीला लेथवर काम करणारा, हाताला सतत जोर. सांध्यावर केसाएवढी चीर. दादा त्याच्यासमोरच म्हणाला, "तुकडा ढिला बसवला होता."

मी त्या रात्री सांधा कापून भिंगाखाली धरला. दोन्ही कडांना जेमतेम अर्धा मिलिमीटर धातू एकजीव झालेला आणि मधे माझ्या कानशीचे ओरखडे जसेच्या तसे. तुकडा घट्टच बसला होता, लेझर गाभ्यापर्यंत गेलाच नव्हता. जाड कड्याला लेझर करायचाच तर दोन्ही बाजूंनी व्ही आकाराची खाच पाडून, गाभ्यापासून सुरुवात करून, त्याच मिश्रधातूच्या तारेने थर चढवत वर यावं लागतं. त्याला तासभर लागतो. दादाचं म्हणणं, मग मशीन घेतलं कशाला?

ती अंगठी मी झवेरी बाजारातल्या बंगाली उस्तादांकडे शिकलो तशी जोडली. दोन्ही तोंडं अशी कानसायची की उजेडाकडे धरल्यावर फट दिसता कामा नये. त्याच धातूची पाव मिलिमीटरची पट्टी मधे घालायची आणि कडं स्वतःच्या ताणाने तिला दाबून धरेल असं वाकवायचं. टाकणखार लागत नाही, प्लॅटिनम तापवून काळं पडत नाही. आधी सगळी अंगठी पांढरीशुभ्र तापवायची, मग बारीक टोकदार ज्योत सांध्यावर. पट्टी चमकून सांध्यात उतरली की त्याच क्षणी ज्योत बाजूला. उरलेली पट्टी कापा, सांधा मँड्रेलवर, म्हणजे अंगठीच्या निमुळत्या दांड्यावर, ठोका, पुन्हा तापवून मऊ करा. माप वाढवायला तुकडा घातला की सांधे दोन होतात, हे लेझर आणि ज्योत दोन्हींना लागू. त्या माणसाच्या बोटात ती अंगठी आजही आहे.

शुद्ध प्लॅटिनम १७६८ अंशांना वितळतं, त्यामुळे ऑक्सिजनशिवाय प्रयत्न करू नका. ॲसिटिलीन नको, कार्बन शिरून धातू ठिसूळ होतो. कोळशाच्या तुकड्यावर ठेवणंही त्याच कारणाने बंद. लोखंडी चिमट्याऐवजी टंगस्टनच्या टोकांचा घ्या. कानस वेगळी ठेवा, सोन्याचा कण राहिला तर तापल्यावर तो प्लॅटिनममध्ये खड्डा पाडतो. आणि डोळ्यांना वेल्डिंगची गडद काच. सोन्याच्या कामाला उघड्या डोळ्यांनी बसतो, तसं इथे बसायचं नाही.

लेझर मी टाकाऊ म्हणत नाही. सांध्याजवळ हिरा असेल तर लेझरच, कारण प्लॅटिनममधून उष्णता सोन्याच्या चौथ्या हिश्श्यानेही पसरत नाही, ताप जागेवरच राहतो. पातळ नळी, चेनची कडी, ढिलं झालेलं कोंदण यांनाही तोच बरा. १५०० चा डाखही एकाच दागिन्यात पाच-सहा सांधे असतील तर शेवटच्या सांध्यांना कामी येतो. प्लॅटिनम सोन्याला जोडायचं असेल तर सोन्याचाच डाख, आणि तिथे टाकणखारही लागतो.

हे आधी सांगायला हवं होतं: अंगठी चुंबकाकडे किंचित ओढली जाते का बघा. ओढली गेली तर कोबाल्टचं मिश्रण असणार, ते ज्योतीखाली निळसर पडतं आणि पट्टीही त्याच मिश्रणाची लागते. पहिला प्रयत्न गिऱ्हाइकाच्या अंगठीवर नाही, भंगार तुकड्यावर.

दादा आणि मी आता वेगवेगळे बसतो. कापलेला तो सांधा माझ्या डबीत आहे. दादा, हे वाचत असलास तर ये आणि एकदा भिंगाखाली बघ.