आवाज फुटला म्हणून नाटक सोडायचं?

“चार पदं होती याच्याकडं. आता नाटकच सोडतो म्हणायलाय. घरातसुद्धा बोलेनासा झालाय.” सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातून आलेल्या एक आई सांगत होत्या. साडेतेरा वर्षांचा मुलगा शेजारीच बसला होता. विचारलं की कुजबुजत उत्तर द्यायचा आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडझाप करत राहायचा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

उन्हाळी सुट्टीत बसवलेलं संगीत बालनाट्य, सात ते पंधरा वयाची 42 मुलं. तालमीत तार षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, त्याचा आवाज चिरकला. मुलं हसली. सर म्हणाले, “घसा सांभाळत नाहीस.” तेव्हापासून हळद-दूध, ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या सगळं करून झालं होतं.

गुळण्यांनी हे थांबणार नव्हतं, कारण घसा बिघडलेलाच नव्हता. साधारण 12 ते 15 या वयात मुलग्यांचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळपास एक सप्तक खाली उतरतो. वाढ झपाट्यानं होते, स्नायूंची सवय मागे राहते, म्हणून आवाज मधेच निसटतो. कुजबुजण्यानं घशाला विश्रांती मिळते हाही गैरसमज. त्यानं ताण वाढू शकतो. हलक्या, नेहमीच्या आवाजात बोलावं. दुखत असेल किंवा घोगरेपणा तीन आठवड्यांवर टिकला, तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायला हवं.

हे ऐकून आई सावरल्या, मुलगा नाही. त्याचं दुखणं वेगळं होतं: “गेलो तर पदं जातील. राहिलो तर हसतील.”

पुढच्या भेटीला सरांनाही बोलावलं. ते पेटी घेऊन आले, हे फार बरं झालं. मुलाला आठवड्याचे वार म्हणायला सांगितलं, बोलताना आवाज जिथे सहज टेकला तो स्वर पेटीवर शोधला. तिथून खाली तीन आणि वर चार स्वर सुखानं लागत होते. पदं बांधली होती काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून. ती त्याच्या आवाक्याबाहेर होती.

सगळं नाटक खालच्या पट्टीत घ्यायचं असं सरांच्या मनात आलं. पण मग कोरसमधल्या सात-आठ वर्षांच्या मुलांचा आवाज तळाला जातो, शब्द ऐकूच येत नाहीत. गाणी रेकॉर्डेड ट्रॅकवर असतील तर अडचण आणखी वाढते, कारण ट्रॅक फार खाली ओढला की वाद्यं बेसूर वाटू लागतात. म्हणून त्याचं पहिलं पद पेटी-तबल्यावर, त्याच्या पट्टीत ठेवलं. नंतर तबल्याची दोन आवर्तनं आणि कोरस पुन्हा मूळ पट्टीत. दुसरं पद तालावर संवादासारखं म्हणायचं ठरलं. उरलेली दोन अकरा वर्षांच्या मुलीला दिली, मात्र तिला शिकवायचं काम याच्याकडे आलं. हे शेवटचं त्यानंच सुचवलं.

हसण्याचा प्रश्न सरांनी सोडवला. आवाज का फुटतो ते त्यांनी सगळ्यांना दहा मिनिटांत सांगितलं, एकाही मुलाचं नाव न घेता. एकट्यानं म्हणायच्या पदांची तालीम इतर मुलं येण्याआधी वीस मिनिटं होऊ लागली. आणखी एक गोष्ट सहज ध्यानात येत नाही: मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, हॉलमधले पंखे पूर्ण वेगानं फिरतात आणि मुलं त्या घरघरीवर आवाज चढवतात. गाण्याच्या वेळी जवळचे पंखे बंद ठेवले, दर अर्ध्या तासाला पाणी प्यायला सुट्टी दिली, तेव्हा लहान मुलांचे घसे बसणंही कमी झालं.

एवढ्या मोठ्या संचात 12 ते 14 वयाच्या मुलग्याला गाणारी भूमिका देताना पर्यायी गायक पहिल्या दिवशीच ठरवावा, आणि सर्वांसमक्ष सांगावा. मग बदल झाला तरी ती शिक्षा वाटत नाही. इथे ते उशिरा झालं, त्याचंच मुलाला जास्त लागलं होतं.

दर पंधरा दिवसांनी पेटीवर स्वर पुन्हा तपासत गेलो. हुतात्मा स्मृती मंदिरातल्या प्रयोगाच्या आठवडाभर आधी वरचा एक स्वर गेला होता, खालचे दोन वाढले होते. पद आणखी अर्धा स्वर उतरवावं लागलं. सरांना ते फोनवर त्यानंच सांगितलं, कुजबुजत नव्हे.