प्रबोधन आल्प्सपलीकडे कसे गेले?

प्रश्न : इटलीत प्रबोधनाची सुरुवात चौदाव्या शतकात झाली, तर ते उत्तर युरोपात पोहोचायला शंभराहून अधिक वर्षे का लागली? १४५३ मध्ये तुर्कांच्या हाती कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) पडल्यावर तेथून निघालेल्या ग्रीक विद्वानांमुळे हा प्रसार झाला, असे आम्ही शाळेत शिकलो. ते बरोबर आहे का? उत्तरेकडील चित्रकारांनी इटलीचे अनुकरणच केले काय?

उत्तर : कॉन्स्टँटिनोपलची कथा सुटसुटीत आहे, म्हणूनच ती टिकली असावी. मॅन्युएल क्रिसोलोरास हे ग्रीक पंडित १३९७ पासूनच फ्लॉरेन्समध्ये शिकवीत होते. पाडावानंतर आलेल्या विद्वानांनी ग्रीक अभ्यासाला बळ दिले खरे, पण ते मुख्यतः इटलीतच. उत्तरेकडील प्रसाराचा उलगडा त्यातून होत नाही.

उशिराबद्दल बोलताना आपली नजर फ्रान्स आणि इंग्लंडवर खिळलेली असते. हंगेरीचा राजा मात्याश कोर्विनुस याने १४७६ मध्ये नेपल्सची राजकन्या बिएट्रिस हिच्याशी विवाह केला, इटालियन कलावंतांना आपल्या राजधानीत, बुडा येथे आणले आणि फ्लॉरेन्समध्ये नकलून व सजवून घेतलेल्या हस्तलिखितांनी आपले ग्रंथालय भरले. फ्रान्सचा आठवा चार्ल्स १४९४ मध्ये सैन्यासह इटलीत उतरला, तेव्हा मात्याशचा मृत्यू होऊन चार वर्षे झाली होती; म्हणजे हंगेरीत प्रबोधन त्याआधीच पोहोचले होते.

मात्र राजदरबारी आलेली विद्या बहुधा दरबारापुरतीच राहते. ती बाहेर पडली छपाईमुळे, आणि छपाई आली उत्तरेकडून. युरोपात सुट्या खिळ्यांची छपाई सुरू करणाऱ्या गुटेनबर्गच्या माइन्झ या जर्मन शहरावर १४६२ मध्ये हल्ला होऊन तेथील मुद्रक पांगले. १४६५ पर्यंत दोन जर्मन मुद्रक रोमजवळच्या सुबियाको मठात पुस्तके छापू लागले होते. पुढे नेदरलँड्सचा विद्वान इरॅस्मस १५०८ मध्ये व्हेनिसला आल्डुस मानुत्सिउसच्या छापखान्यात राहून आपला सुभाषितसंग्रह वाढवून छापून घेतो, आणि १५१६ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेलचा मुद्रक फ्रोबेन याच्याकडून बायबलचा ग्रीक नवा करार प्रसिद्ध करतो. प्राचीन ग्रंथांची पाठशुद्धी करण्याची, म्हणजे हस्तलिखिते ताडून मूळ मजकूर निश्चित करण्याची, इटालियन पद्धत त्याने बायबललाच लावली. माझ्या मते उत्तरेच्या प्रबोधनाचा वेगळेपणा येथेच सर्वांत स्पष्ट दिसतो.

अनुकरणाविषयी मात्र आपल्याशी सहमत होता येत नाही. फ्लॉरेन्सच्या मेडिची पेढीच्या ब्रूज (फ्लँडर्स, आजचे बेल्जियम) येथील शाखेचा व्यवस्थापक तोमासो पोर्तिनारी याने तेथील चित्रकार ह्यूगो व्हान डर गूसकडून करवून घेतलेले भव्य वेदीचित्र (चर्चच्या वेदीवरचे चित्र) १४८३ मध्ये फ्लॉरेन्सला पोहोचले. त्यातील रापलेल्या चेहऱ्यांचे, ओबडधोबड हातांचे मेंढपाळ पाहून फ्लॉरेन्सचा चित्रकार घिरलांदायो याने १४८५ मध्ये आपल्या चित्रात तसेच मेंढपाळ रंगवले. तैलरंगांतील बारकाव्यांचे कसबही इटालियनांनी फ्लँडर्सच्या चित्रकारांकडूनच उचलले.

उलट दिशेचे उदाहरण न्यूरेंबर्गचा जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याचे. यथार्थदर्शनाचे (सपाट चित्रात खोली व अंतर दाखवण्याच्या तंत्राचे) गुपित शिकण्यासाठी आपण बोलोन्याला जाणार असल्याचे त्याने १५०६ मध्ये व्हेनिसहून मित्राला कळवले होते. ते त्याने स्वतःपुरते ठेवले नाही. १५२५ मध्ये मोजमापशास्त्रावरचा ग्रंथ त्याने लॅटिनऐवजी जर्मन भाषेत छापला, कारण तो चित्रकारांबरोबरच सोनार, पाथरवट आणि सुतार यांच्याही हाती पडावा अशी त्याची इच्छा होती.