लहान सैन्य आणि डोक्यावरचे ड्रोन : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात नागोर्नो-काराबाख (२०२०, आर्मेनिया विरुद्ध अझरबैजान) आणि युक्रेन या दोन युद्धांत ड्रोनमुळे लढाईची रीत कशी बदलली, यावर लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांत एकच काळजी वेगवेगळ्या शब्दांत होती : ज्या देशाकडे माणसं कमी आणि पैसाही बेताचा, त्याने यापुढे स्वतःला वाचवायचं कसं? निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

आर्मेनियाकडे विमानविरोधी क्षेपणास्त्रं होती. तरी त्यांच्या तोफा आणि रणगाडे एवढे सहज कसे टिपले गेले? – एक वाचक, सातारा

पहिलं कारण उंचीचं. आर्मेनियाच्या बाजूची बरीचशी यंत्रणा ओसा आणि स्ट्रेला-१० या सोव्हिएत काळातल्या क्षेपणास्त्रांची होती. ओसाचा मारा साधारण ५ किलोमीटर उंचीपर्यंत, स्ट्रेला-१० चा साडेतीनपर्यंत. अझरबैजानचे तुर्की बनावटीचे बायरक्तार टीबी-२ हे ड्रोन त्याच्याही वरून, साडेपाच किलोमीटरच्या आसपास घिरट्या घालू शकत होते. दुसरं कारण म्हणजे आमिष. अझरबैजानने एएन-२ ही जुनी दुपंखी विमानं वैमानिकाशिवाय पुढे सोडली. त्यांना पाडायला रडार चालू झालं, क्षेपणास्त्र सुटलं, की जागा कळली. मग टीबी-२ किंवा इस्रायली हारोप हे आत्मघाती ड्रोन नेमके तिथे.

तिसरं कारण लहान सैन्यांनी सगळ्यात आधी लक्षात घ्यावं. गाड्या घोड्याच्या नालेसारख्या मातीच्या बांधात उभ्या होत्या आणि डोक्यावर छत नव्हतं. असा बांध बाजूने येणारे तोफगोळ्याचे तुकडे अडवतो, पण वरून बघणाऱ्याला तोच बांध खूण म्हणून दिसतो, आणि उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात मधलं गरम इंजिन उठून दिसतं. २७ सप्टेंबर ते १० नोव्हेंबर अशा ४४ दिवसांत जे नुकसान झालं, त्यातलं बरंचसं अशा उघड्या जागांवर झालं. ते टाळायला नवं क्षेपणास्त्र लागत नव्हतं. छत, फांद्या, पांगापांग आणि दर रात्री जागा बदलण्याची शिस्त लागत होती.

युक्रेनमध्ये रस्त्यांवर मासेमारीची जाळी टांगल्याचे फोटो पाहिले. जाळीने बॉम्ब कसा अडेल? – एक वाचक, मालवण

जाळी बॉम्ब अडवत नाही, ती ड्रोनचे पंखे अडवते. समोरचं दृश्य चष्म्यात बघत चालवला जाणारा लहान ड्रोन, ज्याला एफपीव्ही म्हणतात, तो ७ ते १० इंची पंख्यांवर उडतो. दोरा पंख्यात गुंतला की तो जाळीतच लटकतो, नाहीतर गाडीपासून दूर फुटतो. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या लोकांनी खोल समुद्रातल्या मासेमारीची टाकून दिलेली जाळी २०२५ मध्ये युक्रेनला पाठवली. त्यांची एकूण लांबी सुमारे २८० किलोमीटर होती.

बांधण्याची रीत मात्र नीट हवी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खांब, वर आडवी तार, त्यावर छत आणि दोन्ही अंगांना जमिनीपर्यंत पडदे. उंची ठरवताना मालाने भरलेला ट्रक आणि त्यावरची अँटेना दोन्ही धरावी लागतात. छत गाडीला टेकलं तर काहीच साधत नाही, मध्ये निदान मीटरभर मोकळी जागा हवी. सगळ्यात जास्त घात होतो तो तोंडाशी. जाळ्याच्या या बोगद्याची दोन टोकं उघडी राहिली की ड्रोनचालक तिथूनच आत शिरतो, म्हणून तोंडाला वळण द्यायचं किंवा दुहेरी पडदा लावायचा. पहिला ड्रोन भोक पाडतो आणि दुसरा त्याच भोकातून येतो, तेव्हा जाळं लावणाऱ्यांपेक्षा ते रोज शिवणारे हात जास्त लागतात. बर्फ साचला की जाळं झोळीसारखं खाली येतं. नायलॉनचं असेल तर पेटतंही. कोळीवाड्यात जाळं विणणाऱ्यांना यातलं अर्धं न सांगताच कळेल.

खंदकाच्या छतालाही हेच लागू. लाकडाच्या ओंडक्यांवर निदान ४५ सेंटिमीटर दाबलेली माती असेल तर स्फोटाचे तुकडे अडतात. पण एवढ्या मातीचं वजन दर चौरस मीटरला पाऊण टनाच्या घरात जातं, आणि पाऊस मुरला की आणखी वाढतं. टेकू खंदकाच्या मऊ काठावर ठेवले की काठ ढासळतो आणि छत आतल्या माणसांवरच येतं. म्हणून ओंडक्यांची टोकं काठापासून चांगली मागे, घट्ट जमिनीवर टेकवायची. चिलखतभेदी स्फोटकाला ही मातीही पुरत नाही, म्हणून तिच्यावर अंतर राखून पुन्हा जाळी.

प्रत्येक गाडीवर जॅमर बसवला की प्रश्न मिटणार नाही का? – एक वाचक, पुणे

मिटत नाही. जॅमर म्हणजे रेडिओ लहरींत गोंधळ घालून संपर्क तोडणारं यंत्र, आणि ड्रोनचे असे दोन दुवे असतात. चालकाचा हुकूम ड्रोनकडे जातो आणि कॅमेऱ्याचं चित्र चालकाकडे येतं. चित्र पकडणारी अँटेना चालकाजवळ, कित्येक किलोमीटर मागे असते, त्यामुळे गाडीवरचा जॅमर तिचं फारसं बिघडवू शकत नाही. त्याला गाठता येतो तो हुकमाचा दुवा, कारण तो पकडणारा रिसीव्हर ड्रोनवरच असतो आणि ड्रोन जवळ येत जातो. म्हणून अशा जॅमरचा प्रभाव गाडीभोवती वीस-तीस मीटरांपासून फार तर एकदोनशे मीटरपर्यंत. ड्रोन वेगात खाली झेपावलेला असेल तर हुकूम तुटला तरी तो त्याच दिशेने येऊन आदळू शकतो.

त्यात शत्रू लहरींचा पट्टा बदलतो. आज ९०० मेगाहर्ट्झच्या आसपास असलेला उद्या त्याच्या खाली गेलेला असतो. जॅमर सतत चालू ठेवला तर तापून बसतो, आपलेच ड्रोन पाडतो, आणि आपण कुठे आहोत ते शत्रूच्या दिशाशोधक यंत्राला सांगतो. २०२४ पासून तर बारीक ऑप्टिकल फायबर मागे सोडत जाणारे ड्रोन आले. त्यांच्यात रेडिओच नाही, मग जॅम करणार काय?

यापेक्षा आधी घ्यावी ती ऐकणारी यंत्रं. युक्रेनच्या सैनिकांकडे ‘त्सुकोरोक’ नावाचा खिशात मावणारा डबा असतो. ड्रोनच्या लहरी ओळखून तो वाजतो. पुष्कळ एफपीव्ही ड्रोनांचं चित्र जुन्या अ‍ॅनालॉग पद्धतीचं आणि उघडं असल्यामुळे ते पकडून छोट्या पडद्यावर बघणारे रिसीव्हरही मिळतात. त्या पडद्यावर आपलाच खंदक मोठा होत दिसायला लागला, की आत जायला काही सेकंद हातात असतात. फायबरवाल्या ड्रोनपुढे हे डबेही गप्प. तिथे जाळी, नजर आणि बारा बोअरची छऱ्याची बंदूक. तिचा उपयोगी पल्ला जेमतेम ३० ते ५० मीटर. ताशी १०० किलोमीटरने येणारा ड्रोन ४० मीटर दीड सेकंदात कापतो, म्हणजे एक बार, फार तर दोन. सराव नसेल तर बंदूक असून नसल्यासारखी.

शाहेदसारखे लांब पल्ल्याचे ड्रोन क्षेपणास्त्राने पाडणं लहान देशाला परवडेल? – एक वाचक, अकोला

दरवेळी नाही. रशिया युक्रेनवर सोडतो त्या इराणी रचनेच्या शाहेदची किंमत २० ते ५० हजार डॉलर धरतात, तर पॅट्रियट या अमेरिकी हवाई संरक्षण यंत्रणेचं एक क्षेपणास्त्र ४० लाख डॉलरच्या आसपास. म्हणून युक्रेनने खांबांवर मायक्रोफोन लावले. एकाला ४०० ते ५०० डॉलर खर्च, आणि संख्या दहा हजारांच्या घरात. शाहेदचं इंजिन मोपेडसारखं फटफटतं. एका खांबाने ते ऐकलं तर फक्त चाहूल कळते. लागोपाठच्या अनेक खांबांनी ऐकलं की वाट कळते, आणि ती पिकअपवर मशिनगन बसवलेल्या तुकड्यांच्या टॅबलेटवर उमटते.

इथे हिशेब महत्त्वाचा. ३ किलोमीटरवरून आवाज पोचायला सुमारे ९ सेकंद लागतात. ताशी १८० किलोमीटरने जाणारा ड्रोन तेवढ्यात ४५० मीटर पुढे सरकलेला असतो. गोळीचंही तेच. १२.७ मिलिमीटरची गोळी १००० मीटर जायला दीडेक सेकंद घेते. आडवा जाणारा ड्रोन तेवढ्यात ७५ मीटर जातो, म्हणजे नेम त्याच्या लांबीच्या वीसपट पुढे धरायचा. अंधारात हे अंदाजाने जमत नाही, सर्चलाइट आणि उष्णता दाखवणारी दुर्बीण लागते. २०२५ मध्ये शाहेद २-३ किलोमीटर उंचीवरून येऊ लागले आणि मशिनगन तोकडी पडली. त्यामुळे आता काही हजार डॉलरचे, ड्रोनलाच जाऊन धडकणारे ड्रोन वापरले जातात. आवाजाच्या जाळ्याची एक उणीव : बॅटरीवर उडणारा ड्रोन त्याला लांबून ऐकू येत नाही, आणि वाऱ्यात ते फसतं.

आर्मेनियाने भारताकडून पिनाका घेतलं. ते ड्रोनवर चालेल? – एक वाचक, नागपूर

नाही. पुण्याच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेत विकसित झालेलं पिनाका हे जमिनीवरच्या लक्ष्यांसाठीचं रॉकेट आहे. आर्मेनियाने घेतलेलं आकाश हे विमानविरोधी क्षेपणास्त्र टीबी-२ सारख्या मोठ्या ड्रोनसाठी योग्य, एफपीव्हीसाठी नव्हे. ड्रोनच्या थव्यांसाठी नागपूरच्या सोलर समूहाने बनवलेल्या भार्गवास्त्र या लहान रॉकेटांच्या यंत्रणेची चाचणी मे २०२५ मध्ये गोपालपूरला झाली. त्याच महिन्यात पाकिस्तानच्या ड्रोनविरुद्ध भारतीय सैन्याने जुन्या एल-७० या विमानविरोधी तोफाही वापरल्या. जुनी तोफ नव्या रडार-कॅमेऱ्याला जोडणं हा लहान देशांनाही परवडणारा मार्ग आहे.

एस्टोनियाची वस्ती गोव्याहूनही कमी. अशा देशाने सुरुवात कुठून करावी? – एक वाचक, म्हापसा

त्यांनी ती जमिनीखालून केली, हे आम्हाला योग्य वाटतं. जानेवारी २०२४ मध्ये एस्टोनियाने रशियाच्या सीमेलगत ६०० बंकर बांधायचं जाहीर केलं. एकेक सुमारे ३५ चौरस मीटरचा, दहा सैनिकांसाठी, १५२ मिलिमीटरचा तोफगोळा सोसेल असा. पण बंकरचं दार सरळ उघडं राहिलं तर लहान ड्रोन दारातूनच आत येतो. वाटेला काटकोनात वळण आणि दाराला जाळीचा पडदा हवाच.

शंभर जवानांच्या तुकडीने पैसे खर्च करण्याआधी चार गोष्टी कराव्यात. मुख्यालय जमिनीखाली न्यावं आणि अँटेना केबलने शेकडो मीटर दूर लावावी. जनरेटर खड्ड्यात, धुराडं झाडीकडे. गाड्या एकाच झाडाखाली न ठेवता पांगवाव्यात आणि चाकोऱ्या मिटवाव्यात. लाकडी खोट्या तोफा ठेवल्या तर त्यांच्याकडे जाणाऱ्या चाकोऱ्या मुद्दाम पाडाव्यात आणि जवळ थोडी ऊबही ठेवावी; नाहीतर वरून बघणाऱ्याला ती तोफ खोटी हे लगेच कळतं.

आणि आठवड्यातून एकदा पहाटे, जमीन सगळ्यात गार असते तेव्हा, स्वतःचाच उष्णताकॅमेऱ्याचा ड्रोन आपल्या तळावरून फिरवावा. चूल, इंजिन, दाराची फट, नुकतीच तुडवलेली पायवाट, जे जे पडद्यावर पांढरं दिसेल ते उजाडण्याआधी झाकावं.