जुन्या, परवडणाऱ्या मिड-इंजिन स्पोर्ट्स कारमध्ये सगळ्यात भरवशाची कोणती: फिएरो, एमआर२, एक्स१/९ की ९१४?

तुम्ही चार मिड-इंजिन गाड्यांची, म्हणजे सीटच्या मागे पण मागच्या चाकांच्या पुढे इंजिन असलेल्यांची नावं दिलीत (जनरल मोटर्सची फिएरो, टोयोटाची एमआर२, फियाटची एक्स१/९, पोर्शेची ९१४) आणि खाली लिहिलंत, "शक्यतो फिएरो सोडून सांगा, ती पेटते म्हणतात." त्या एका वाक्यामुळे लिहायला बसलो. मी मिशिगनमध्ये राहतो, फिएरो जिथे बनायची त्या पॉण्टिअ‍ॅक गावापासून फार लांब नाही, आणि माझ्याकडे १९८८ ची फिएरो आहे. "पेटते" हे मला गॅस स्टेशनवर ऐकवतात, मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर प्रसाद घेताना ऐकवतात. बोलणाऱ्यांपैकी एकानेही तिचं मागचं झाकण उघडून पाहिलेलं नसतं.

पेटायच्या त्या प्रामुख्याने १९८४ च्या, पहिल्या वर्षाच्या गाड्या. आयर्न ड्यूक नावाचं २.५ लिटरचं चार सिलिंडरी इंजिन, त्यातल्या काही कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला धरणाऱ्या दांड्याचं) ओतकाम सदोष, आणि ऑइल पॅन, म्हणजे खालचं तेलाचं भांडं, लहान. इंजिन पाठीमागे, नजरेआड, त्यामुळे तेल बघतोय कोण! तेल कमी झालं की रॉड तुटायचा, ब्लॉकला भोक पाडायचा आणि तेल थेट तापलेल्या एक्झॉस्टवर. त्या वर्षी सव्वा लाखाहून जास्त फिएरो बनल्या, त्यामुळे बोभाटाही तेवढाच झाला. १९८७ मध्ये जनरल मोटर्सने १९८४ च्या सगळ्या गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या. १९८५ पासून २.८ लिटरचं व्ही६, म्हणजे सहा सिलिंडरी इंजिन मिळू लागलं. १९८८ ला सस्पेन्शन नव्याने केलं, चारही चाकांना व्हेंटिलेटेड डिस्क ब्रेक दिले, आणि त्याच वर्षी गाडी बंद केली. ८४ चं पाप ८८ च्या माथी मारतात, याचा मला मनापासून राग येतो.

आता एमआर२. पहिली पिढी, म्हणजे १९८४ ते ८९ ची. तिचं १.६ लिटरचं ४ए-जीई इंजिन खणखणीत आहे, साडेसात हजार आरपीएमपर्यंत आनंदाने फिरतं. पण भरवशाची म्हणजे तिच्याकडे बघावंच लागत नाही, असं जे लोक समजतात ते मला मान्य नाही. आमचे साडू त्यातलेच. त्यांच्याकडे लाल एमआर२ आहे आणि गेली कित्येक वर्षं आमचा हा वाद चालू आहे. "अहो, टोयोटा आहे, तिला काही होत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

या चारांपैकी तीन गाड्यांत इंजिन मागे आणि रेडिएटर पुढे. मधे कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) लांबलचक नळ्या, गाडीच्या पोटाखालून. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, आणि साडूंची गाडी आधीच्या मालकाने हिवाळ्यातही चालवलेली. नळी सडली. गाडीचा दोष नाही, इतकी वर्षं मीठ खाल्लं तर लोखंड दुसरं काय करणार? जवळच्या एका गॅरेजवाल्याने नळी बदलली आणि पुढे इंजिन असलेल्या गाडीत ओततात तसं कूलंट ओतून दिलं. अशा लांब नळ्यांत हवा अडकली तर कूलंट नीट फिरत नाही, म्हणून मी फोनवर साडूंना विचारलं, "हवा काढली का?" उत्तर तेच: "टोयोटा आहे हो."

एमआर२ मध्ये रेडिएटरला आणि हीटरला हवा काढायची वेगळी तोंडं दिलेली आहेत. त्यांना पारदर्शक नळ्या जोडायच्या, बॉनेटला उंच टांगायच्या, मागून कूलंट ओतत राहायचं आणि नळ्यांतले बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत हलायचं नाही. कंटाळवाणं काम आहे, तासभर जातो, पण ते टाळता येत नाही.

पुढच्याच लाँग वीकेंडला आम्ही या दोन गाड्या आणि मित्रांची एक व्हॅन घेऊन उत्तरेला निघालो, लेक मिशिगनच्या काठचा एम-२२ रस्ता चालवायला. आय-७५ हायवेवर ग्रेलिंग गावाच्या अलीकडे साडूंच्या गाडीमागून पांढरा धूर दिसायला लागला. बाजूला घेतली. तापमानाचा काटा अर्ध्यावरच होता, कारण सेन्सरभोवती कूलंटच नव्हतं, नुसती वाफ. हीटर पूर्ण उघडला तर गार हवा. झाकणाजवळ गेल्यावर कूलंटचा तो गोडसर वास आला आणि मी समजलो, इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील, हेड गॅस्केट, गेलं. साडू टो ट्रकमधून परतले. मेव्हणी आणि मुलं मित्रांच्या व्हॅनमधून पुढे आली. माझी "पेटणारी" गाडी एम-२२ फिरून घरी आली.

फिएरोच्या नळ्या दोन्ही दरवाज्यांखालून जातात, आणि टायरवाला जॅक नेमका तिथेच लावतो. नळी चेपली की गाडी तापते आणि बदनामी पुन्हा गाडीची. मी टायर बदलताना स्वतः शेजारी उभा राहतो आणि जॅक कुठे लावायचा ते बोट ठेवून दाखवतो. थर्मोस्टॅटही (कूलंट सोडणारी-अडवणारी झडप) वरचं झाकण उघडून हाताने काढता येतो. हे ज्याने केलंय त्याला ती गाडी त्रास देत नाही.

उरलेल्या दोन. एक्स१/९ इटालियन डिझायनर गांदिनीने बेर्तोने कंपनीत रेखाटलेली, चौघींत सगळ्यात देखणी, आणि फियाट १२८ चं इंजिन साधं, हाताळायला सोपं. आमच्या घरी कुर्ल्याच्या कारखान्याची फियाट होती, म्हणून माझा थोडा ओढा असेल. पण पत्रा गंजतो आणि फार गंजतो. पोर्शे ९१४ एअर-कूल्ड, हवेनेच थंड होणारी, नळ्यांची कटकटच नाही. मात्र बॅटरीचं अ‍ॅसिड गळून तिच्याखालची चॅसी सडते, मालक त्या जागेला हेल होल म्हणतात, आणि दोन सीटांमधल्या टनेलमधून जाणाऱ्या प्लास्टिकच्या इंधननळ्या वयोमानाने तडकतात. त्या बदलल्या नसतील तर तीही पेटू शकते. तिच्यावर पोर्शेचा शिक्का आहे म्हणून कुणी हिणवत नाही, एवढंच.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: निव्वळ इंजिन बघाल तर एमआर२. त्या पैशात जास्त गाडी हवी असेल तर ८५ पासूनची व्ही६ फिएरो. कुठलीही घ्या, अ‍ॅरिझोना किंवा कॅलिफोर्नियाची घ्या, न्यू जर्सीतली नको, तिकडेही मीठ टाकतात. लिफ्टवर चढवून पोट बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि हो, रोज ऑफिसला न्यायचा विचार असेल तर चारही नकोत. एअरबॅग नाही, एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) नाही. ८८ च्या फिएरोच्या पुढच्या चाकांची बेअरिंग्ज फक्त त्याच वर्षाची आहेत, मिळता मिळत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

साडूंची एमआर२ अजून त्यांच्या गॅरेजात आहे, इंजिन खाली काढलेलं. विकायची असेल तर मला द्या, नळ्या टांगून हवा मी काढतो, असं मी त्यांना मागच्या दिवाळीतच सांगितलंय.