बाळ झाल्यावरचे दिवस खरंच कसे असतात? आणि उन्हाळ्यातल्या बाळंतपणाला खानदेशात माहेरी जावं का?

तुम्ही पुण्यात राहता, एप्रिलमधली तारीख आहे, माहेर पारोळ्याकडचं. आई म्हणते इकडे ये, सासरचे म्हणतात त्या उन्हात कुठे जातेस. शिवाय 'फोटोतलं नको, बाळाबरोबरचे दिवस खरंच कसे जातात ते सांगा' असंही तुम्ही विचारलंय. मी या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, माहेराचं त्यातूनच कळेल.

माझी मुलगी मार्चच्या सुरुवातीला झाली. माहेर यावल तालुक्यात, केळीचं गाव. सासर जळगावात, नवरा एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात. म्हणजे बाळंतिणीचे सगळे दिवस मी आपल्याकडच्या भर उन्हाळ्यात काढलेत. आता थंडी पडलीय, मळ्यांत भरीत पार्ट्या सुरू झाल्यात आणि पोरगी भिंत धरून उभी राहते, त्यामुळे जरा शांतपणे लिहू शकते. तेव्हा विचारलं असतं तर रडले असते.

पहिले काही आठवडे मला तिच्याबद्दल माया कमी आणि धास्ती जास्त वाटायची. सिस्टरनी पोर छातीवर ठेवली तेव्हा ऊर वगैरे काही भरून आला नाही; 'बाप रे, किती गरम आहे ही' एवढंच मनात आलं. पुढेही बरेच दिवस असंच, की कुणी तरी आपलं पोर सांभाळायला देऊन गेलंय आणि न्यायला काही येत नाहीये. बघायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, 'आता सगळा शीण गेला असेल ना हिच्याकडे बघून!' मी मान हलवायचे. शीण कसला जातोय, टाके दुखत होते, धड बसता येत नव्हतं.

माया आली ती हातातून आली. लंगोट बदलताना, झोपेत नखं कापताना. तान्ह्या बाळाला मान अशी नसतेच, नुसत्या वळ्या असतात. पाजताना दूध ओघळून त्या वळ्यांत जातं आणि आपल्या उन्हात तासा-दोन तासांत आंबतं. आत पांढरा थर धरतो, कातडी लाल होते. ओल्या मऊ सुती फडक्याने एकेक वळी उघडून पुसायची, मग कोरडी करायची, आणि हे सगळं ती मान वळवून-वळवून रडत असताना. मला त्या आंबूस वासाची आधी शिसारी यायची. मग कधी तरी असं झालं, की पोर ओसरीवर आजोबांकडे होती, मी आत मोकळी पडले होते, आणि तो वास नाकाशी नाही म्हणून झोप येईना. हे नेमकं कधी झालं ते मला सांगता येणार नाही. तुमच्या बाबतीत कदाचित पहिल्या मिनिटाला होईल. नाही झालं, तर आपल्यातच काही खोट आहे असं समजू नका, एवढ्यासाठी लिहिलं.

रात्रीची जागरणं सगळेच सांगतात. नवजात बाळ चोवीस तासांतले १४ ते १७ तास झोपतं हे खरं, पण तुकड्या-तुकड्यांत. रात्र म्हणजे काय हे उमगायला त्याला दोन-तीन महिने लागतात. घर माणसांनी भरलेलं असूनही रात्री दोन वाजता तुम्ही एकट्याच असता, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. आई दिवसभर राबून निजलेली, तिला उठवायला जीव होत नाही. नवरा जळगावला. फोन उचलायचा बिचारा, पण फोनवरून लंगोट बदलता येत नाही.

माझ्या नशिबाने वडील जागे असायचे. शेतीची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की वडील मोटार सुरू करायला मळ्यात जायचे आणि तीनच्या सुमारास परत यायचे. पाय धुवून आधी पोरीकडे. तिला आडवी हातावर घेऊन ओसरीवर फेऱ्या मारायचे आणि केळीचे भाव सांगायचे: बऱ्हाणपूरला आज काय निघाला, आपल्याला व्यापाऱ्याने किती कमी दिला, यंदा केळीवरच्या करपा रोगाने कसं छळलं. ती गप्प ऐकायची. मला मधेच डोळा लागायचा. केळीचा चीक कपड्याला लागला की डाग जन्मात जात नाही. तिच्या झबल्यांवर वडिलांच्या सदऱ्याचे काळे डाग अजून आहेत. आईने ती झबली फेकू म्हटलं, मी नाही म्हटलं.

काही गोष्टी आधी माहीत असत्या तर निम्मा घोर कमी झाला असता. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन घटतं, जन्माच्या वजनाच्या साधारण १० टक्क्यांपर्यंत घटलं तरी चालतं आणि दोनेक आठवड्यांत भरून निघतं. आमच्याकडे आशाताईंनी, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीने, झोळीत घालून वजन केलं, आकडा कमी आला आणि लगेच 'हिला दूधच नाही, वरचं सुरू करा' अशी चर्चा. आशाताई ठाम राहिल्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्यांनी घरी यायचं असतं. तुम्ही माहेरी आलात की तिथल्या आशाताईंकडे नाव सांगून ठेवा, त्या मोठा आधार असतात. दूध पुरतं की नाही हे छातीकडे बघून ठरत नाही. पहिला आठवडा उलटल्यावर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल तर पुरतंय.

मुलगी झाली तर आणखी एक गोष्ट. पहिल्या आठवड्यात लंगोटाला रक्ताचा बारीक डाग दिसू शकतो. आईच्या शरीरातल्या हार्मोनचा तो परिणाम, आपोआप थांबतो. आमच्या घरात त्यावरून रात्री साडेदहाला गाडी काढायची तयारी झाली होती. त्याच कारणाने बाळाची छाती थोडी सुजल्यासारखी दिसते. मुलगा असो की मुलगी, मालीशवाल्या बाई ती पिळायला बघतात. पिळू देऊ नका, त्यातून गळू होतं. बाकी मालीश, पायांवर घेऊन घातलेली ती आंघोळ, मला तरी फार आवडली. बाई पाटावर पाय लांब करून बसायच्या, पोर नडग्यांवर पालथी, आणि ज्या सहजतेने त्या तिला उलटी-सुलटी करायच्या ते बघून माझीच भीती मोडली. फक्त नाका-कानात तेल नको.

आता उन्हाळा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, तुम्हाला काय सांगायचं. सगळ्यात मोठं भांडण पाण्यावरून होईल. 'एवढ्या उन्हात लेकराला चमचाभर पाणी पाजू नये म्हणजे काय!' असं प्रत्येक येणारी बाई म्हणणार. पण सहा महिने पाणीही द्यायचं नाही, उन्हाळ्यातसुद्धा. आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं, ऊन वाढलं की बाळ जास्त वेळा पितं. पाण्याने इवलंसं पोट भरतं, दूध कमी पडतं, आणि पाण्यातून जुलाब लागायची भीती वेगळी. मी भांडले नाही. आमच्या बालरोगतज्ज्ञांकडे मुद्दाम सासूबाईंना बरोबर नेलं आणि प्रश्न त्यांनाच विचारू दिला. डॉक्टरांनी त्यांना नीट समजावलं. त्यानंतर येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सासूबाईच 'पाणी नाही द्यायचं हो' असं सुनावायच्या. मधाचं बोट तर वर्षभर नकोच, आणि काजळही नको.

बाळाला पाणी न देण्याच्या नादात स्वतःचं विसरू नका. बाळंतिणीने पाणी कमी प्यावं, अंगात गार भरतं, हे आपल्याकडे अजून चालतं. पाजणाऱ्या बाईला उलट तहान जास्त लागते. मी पाजायला बसले की तांब्या शेजारी ठेवायचे. शेक-शेगडी आणि ओव्या-शेपाची धुरीही आमच्याकडे व्हायची होती, दार लावून. बाहेर ४४ अंश आणि आत निखारे! बाळाच्या छातीला धूर वाईट म्हणून डॉक्टरांनी नको सांगितलं होतं, ते कामी आलं. डिंकाचे लाडू आणि आळिवाची खीर मात्र मनसोक्त खाल्ली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घर बहिणींनी भरलं आणि आंब्याच्या रसावरून वाद झाला, पाजणाऱ्या बाईने खाल्ला तर पोरीला गरमी होईल म्हणे. मी खाल्ला. काही झालं नाही.

कूलर लावा, खुशाल लावा, फक्त वारा थेट बाळावर नको आणि एक खिडकी उघडी हवी. बाळाला एक पातळ सुती झबलं पुरे. टोपडं-मोजे हौसेने आणलेले पेटीत राहू द्या. गरम होतंय का ते हात-पाय धरून कळत नाही, मानेमागे हात लावून बघा. टाकीचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून घासायचं, नाहीतर डास. धाब्याचं, म्हणजे मातीच्या छपराचं, घर असेल तर तुमची दुपार निम्मी सुटली. आमचं पत्र्याचं होतं, त्यामुळे दुपारी बाळ आणि मी केळीच्या वखारीसारख्या गारव्याची नुसती स्वप्नं बघायचो.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा वर, आला किंवा ते प्यायचंच थांबलं, मलूल पडलं, तर घरगुती काही करत बसू नका, लगेच दवाखाना. दीड महिन्यापासूनच्या लसींनंतर येणारा ताप वेगळा, पण त्याला काय द्यायचं तेही लस देतानाच विचारून ठेवा.

रडण्याचं राहिलं. बाळाचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असतं, तेही नेमकं तिन्हीसांजेला. मग 'दृष्ट लागली', 'पोट दुखतंय', 'तू काय खाल्लंस' अशा चौकश्या सुरू होतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ते आपोआप ओसरतं. आईचं रडणं वेगळं. पहिल्या आठवड्यात मी टॉवेल नीट घडी झाला नाही म्हणून रडले आहे. हे पुष्कळ बायकांना होतं आणि दोन आठवड्यांत निवळतं. निवळलं नाही, झोपायला वेळ मिळूनही झोप येईना, बाळाकडे बघवेना, नको ते विचार येऊ लागले, तर ते नाटक नसतं आणि बाहेरची बाधाही नसते, डॉक्टरांना सांगायचं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं. माझ्या चुलत जावेला याची गरज पडली होती. घरच्यांनी आधी अंगारा केला.

मला त्या दिवसांत 'दूध पुरतं का' हे सगळ्यांनी विचारलं. माझी आजी साक्रीकडची, अहिराणीशिवाय दुसरं बोलत नाही. ती रोज संध्याकाळी फोन करायची आणि पहिलं वाक्य ठरलेलं: 'जेवनी का?' पोरीचं नंतर. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं: पुणे की पारोळा हे तापमानावरून ठरवू नका. तुम्ही जेवलात का, झोपलात का हे बघणारं माणूस जिथे आहे तिथे जा. पुण्यात सासूबाई ते करणार असतील तर पुणे बरं. नवरा सकाळी आठला जाऊन रात्री आठला येणार आणि तुम्ही आणि बाळ फ्लॅटमध्ये दोघंच, असं असेल तर खानदेशचं ऊन परवडलं.

माहेरी यायचं ठरलं तर इन्व्हर्टर आहे का बघा, कारण लाईट नेमकी बाळ झोपल्यावर जाते. बाळंतपण जिथे करायचं तिथे बालरोगतज्ज्ञ रात्रीही मिळतात का ते आईला आत्ताच जाऊन विचारायला सांगा. नोकरी असेल तर पहिल्या दोन मुलांसाठी कायद्याने २६ आठवडे पगारी रजा आहे, त्यातले आठच आधी घेता येतात. शक्यतो पुढे राखा. मी पतसंस्थेत आहे, सप्टेंबरात परत रुजू झाले. काढून ठेवलेलं दूध थंड खोलीत चारेक तास टिकतं म्हणतात, पण आपल्याकडच्या खोलीला थंड म्हणायची हिंमत करू नका, सरळ फ्रिजमध्ये ठेवा.

शेवटचा महिना लागायच्या आत निघा, किती आधी ते तुमच्या डॉक्टरांना विचारून. जळगावपर्यंत रात्रीची रेल्वे घ्या, पुढे सकाळच्या गारव्यात गाडीने. आणि कूलरची पॅडं मार्चमध्येच बदलून घ्यायला भावाला सांगा. एप्रिल लागला की पॅडवाला दोन-दोन आठवडे 'उद्या येतो' म्हणत राहतो.