भिंतीलगतचं सफरचंद: खालच्या फांद्या खुरटल्या

प्रश्न: परसात भिंतीलगत तारा ताणून सफरचंदाच्या फांद्या आडव्या बांधल्या आहेत. वरची ओळ जोमदार, खालची खुरटी. का?

उत्तर: झाडाचा जोर शेंड्याकडे धावतो, म्हणून खालची ओळ भरण्याआधी वरची धरायची घाई करू नये. आता खालच्या फांद्या तारेवरून सोडवून ४५ अंशांत वर बांधा. जोर धरला की पानगळीनंतर आडव्या करा. कोवळी फांदी एकदम वाकवली तर बुडाशी फाटते. वरच्या ओळीचे उभे फुटवे उन्हाळ्याअखेरीस तीन पानांवर छाटा. हिवाळ्यात जोरात छाटलं तर उलट आणखी फुटतात! तारा ४० सेंटिमीटर अंतरावर, भिंतीपासून १० सेंटिमीटर पुढे हव्यात. बांधायला मऊ सुतळीच घ्या, तार सालीत रुतते.